वाचून दाखव

गावात चर्चा नको म्हणून आप्पासाहेबांनी नातवासाठी मुलगी बघायचा कार्यक्रम बारामतीच्या चित्रांच्या गॅलरीत ठेवला. दहावीतल्या राजलक्ष्मीला चालायला लावून झालं. मग ते एका चित्रापाशी थांबले.

"पोरी, ह्या चित्राखालचं वाचून दाखव."

तिनं मोठ्यानं वाचलं, "अठरा वर्षांखालील मुलीचे लग्न लावणे हा गुन्हा आहे. मदतीसाठी १०९८ वर फोन करा."

"कुठं अडखळली न्हाय," आप्पासाहेब तिच्या वडिलांना म्हणाले. "आमच्या यशराजला एवढं बी वाचता येत न्हाय. पोरगी पसंत हाय आमाला."

सगळे हसत चहाला निघाले. चित्रांची माहिती सांगणारी मुबशिरा तेवढी तिथं उरली. सगळ्यांच्या मागं रेंगाळत, तिच्याकडे बघत राजलक्ष्मीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली, अगदी हळू.