मीटरवरचं शून्य

"वीज बंद केली म्हणून मरत नाही गं, नुसती डोळे मिटून पडून असते," वायरमन आबा म्हणायचे. प्रयोगशाळेत धाकटीला ते आठवलं. तिनेच बनवलेल्या नव्या कार्बनचे इलेक्ट्रोड घातलेला, ढीगभर वीज साठवणारा कपॅसिटर उघडायला थोरली बहीण हातमोजे काढून वाकली होती.

"ताई, थांब ना जरा."

"मीटरवर शून्य आहे की. आबांची भित्री भागूबाई कुठली," थोरली हसली. तिचा पाना आत सरकला.

धाकटी पुढे झाली.

"ताई, हात मागे घे. कपॅसिटर रिकामा केला तरी आकडा आपोआप परत चढत होता. माझ्या कार्बनला नावं ठेवतील, म्हणून मीटरची वायर मीच काढून ठेवलीय."