बर्फाची चाहूल

वेल्समधल्या त्या दरीत पाऊस नोव्हेंबरपासून ठाण मांडून बसला होता, आणि एलुनेडची नात नेस्टा बर्फासाठी झुरत होती. दाराशी टेकवलेल्या तिच्या घसरगाडीची पाती उभ्या-उभ्या गंजली.

"आजी, उद्या तरी पडेल का गं बर्फ?"

"पडेल तेव्हा पडेल. बर्फ काय ढोल बडवत येतो? तो आला की सगळे आवाज गिळतो. ज्या सकाळी मागचा ओढा ऐकू येणार नाही, त्या सकाळी समज, आला! तोवर गुमान टोस्ट खा."

ओढा मात्र दिवसरात्र गर्जत होता. वर डोंगरावर, ओढ्याच्या अगदी काठाशी, बंद कोळसाखाणीतल्या टाकाऊ मातीचा काळा ढिगारा भिजून भिजून फुगला होता. कौन्सिलची माणसं तो बघायला येणार होती, पाऊस थांबल्यावर.

शनिवारी सकाळी एलुनेडला जाग आली तीच शांततेनं. कान देऊन ऐकलं, तर ओढा गप्प! सत्तरीची बाई, पण पोरीसारखी हरखली. "नेस्टा, ऊठ गं! आला बघ तुझा बर्फ!" म्हणत तिनं सर्रकन पडदा सारला.

बर्फाचा कणही नव्हता. तोच बारीक, मुका पाऊस पडत होता. ओढ्यातले दगड उघडे पडले होते, आणि वरचा ढिगारा जागेवर नव्हता; तो घसरून ओढ्यात आडवा पडला होता.



"आजी, एवढं पाणी गेलं कुठं?" नेस्टानं विचारेपर्यंत एलुनेडनं तिला तशीच अनवाणी दाराबाहेर ओढली होती.