वळणापर्यंतचे टायर

"हिवाळी टायर दाखवा," झेंगरलेबाई म्हणाल्या. "स्पोर्ट्स कारचे. आमच्या कोर्बीच्या लाल गाडीला."

टायरवाल्या इम्लरच्या हातातला पाना थांबला. बर्फ पडला की साऱ्या गावाला एकदम टायर आठवतात, तशी आजही दुकानात रांग होती. पण बाईंचा नवरा कोर्बी जूनमध्येच गेला होता. भाजीच्या वाफ्यात मुळे उपटताना. एक मुळा काही निघेना, कोर्बी काही सोडेना.

"गाडी विकताय का, बाई?"

"नाही."

"मग चालवणार कोण? तुम्ही?"

"मला सायकलसुद्धा येत नाही."

बाईंनी मोबाईल पुढे केला. फोटोत ताजा बर्फ. गॅरेजच्या दारातून चाकांच्या खुणा निघालेल्या, चढ चढून चॅपलच्या वळणापर्यंत गेलेल्या. तिथे भलीमोठी घसरण, थेट दरीच्या कठड्यापर्यंत. आणि तिथून त्याच खुणा परत घरी.

इम्लरने चष्मा कपाळावर चढवला. माणसांचे चेहरे तो विसरायचा, टायरची नक्षी नाही.

"हे उन्हाळी. मीच बसवलेले."

"रोज रात्री काढतो गाडी," बाई म्हणाल्या. "बर्फात, उन्हाळी टायरांवर! एखाद दिवशी जीव जाईल त्याचा."

रांग ऐकायला पुढे सरकली. मग मागून कुणीतरी घसा खाकरला. "पण त्या गाडीला हंगामी नंबर प्लेट आहे ना? ऑक्टोबर संपला की रस्त्यावर आणायची नसते. दंड बसेल."

"तेच ओरडून सांगते मी त्याला खिडकीतून! ऐकतोय कुठे! जन्मात कधी नियम मोडला नव्हता हो."

सगळ्यांनी हळहळत माना हलवल्या. मेलेला माणूस गाडी चालवतो, ते एक वेळ ठीक. पण नोव्हेंबरात?

इम्लर हळूच म्हणाला, "बाई, शवपेटी मी स्वतः उचलली होती. चांगली जड होती."

"असणारच. आत कोर्बी होता."

इम्लर धंद्याकडे वळला. दोन टायर घरंगळत आणून त्याने बाईंसमोर उभे केले. "हा हिवाळी. डोळे मिटून घ्या. आणि हा बारमाही. आजीच्या भाजी आणायच्या गाडीला ठीक आहे. पण अशा गाडीला बारमाही टायर म्हणजे पैलवानाला चपला घालून आखाड्यात उतरवण्यासारखं. ना धड उन्हाळ्याचा, ना धड हिवाळ्याचा."

बाईंनी हिवाळी टायरवरून बोट फिरवलं. "यावर वळण पार होईल?"

"वळण काय घेऊन बसलात! बकरीसारखी खिंड चढेल गाडी."

"खिंड," बाई म्हणाल्या.

इम्लरने जीभ चावली. खिंडीपलीकडे काय आहे ते दोन्ही खोऱ्यांना ठाऊक होतं. पलीकडे नोटबुर्गा नावाच्या बाईचं चीजचं दुकान होतं.

"उन्हाळाभर चीज आणायला जायचा," बाई म्हणाल्या. "आमच्या घरात चीज कुणी खात नाही. पण ऑक्टोबर संपला की गाडी आत आणि कोर्बीही आत. शेगडीपाशी बसून शेंगा सोलायचा. हिवाळा माझा होता हो, इम्लर."

त्यांनी बारमाही टायरवर चापट मारली. "आणि यावर?"

"वळणापर्यंत आरामात. त्यापुढचा चढ... मागची चाकं जागच्या जागी गरगरत बसतील."

"दरीत नाही ना जाणार?"

"नाही. हळू मागे येईल. घरी."

"मग हेच बसवा. पण घरी येऊन. गाडी रस्त्यावर आणता येत नाही मला, नोव्हेंबर आहे."

इम्लरने घरी जाऊन टायर बसवले. गाडीचा पत्रा बर्फासारखा गार होता, पण चालकाची सीट उबदार होती. ते त्याने बिलात लिहिलं नाही.

पुढचा बर्फ पडला त्याच्या दुसऱ्या सकाळी बाईंचा फोन आला. "टायर तुमचे आहेत. तुम्हीच येऊन बघा."

लाल गाडी चॅपलच्या वळणावर उभी होती. घसरण नव्हती. मागच्या चाकांनी जागच्या जागी गरगरून बर्फात दोन खड्डे केले होते, अगदी इम्लर म्हणाला होता तसे. काचेवर हंगामी प्लेटच्या दंडाची पावती लागलीसुद्धा होती. गाडीचं दार उघडं होतं.

दारापासून पावलं निघाली होती. वर, खिंडीकडे. परत येणारी पावलं नव्हती.

बाई वाकल्या. पावलांवर नक्षी नव्हती. सपाट, गुळगुळीत तळवे. दर दोन पावलांनंतर एक लांबट घसरा, मधेच हात टेकल्याची खूण, मग पुन्हा पावलं.

"लग्नातले बूट," त्या म्हणाल्या. "मीच घातले होते त्याला, पेटीत. छान दिसतील म्हणून."

 बाईंनी वर खिंडीकडे पाहिलं.

"पडेल तो, इम्लर."

गाडी बाईंच्या घरी ओढून नेऊन इम्लर संध्याकाळी परत निघाला, तेव्हा वळणावर त्याला बाईंनी आणून ठेवलेले कोर्बीचे डोंगरातले जोडे दिसले. खिळ्यांच्या तळव्यांचे, तेल लावून मऊ केलेले, पाय चटकन आत जावा म्हणून नाड्या सैल सोडलेले. जोड्यांची टोकं घराकडे होती.