एक जोडी, दोघे जण

जरा जवळ सरका, मंडळी. गोष्ट छोटी आहे, पण लांबून ऐकण्यासारखी नाही.

दुपार कलंडली होती. पडद्यातून आलेलं ऊन फरशीवर पाण्यासारखं हलत होतं आणि म्हातारे तबलजी त्याच्याकडे बघत बसले होते. आजारात उजवा हात गेला, तेव्हापासून सगळं जग असंच दुरून, पाण्याखालून यायचं. संध्याकाळी बायको देवाची कथा गाऊन सांगणार होती. लग्नापासून तिच्या साथीला तेच. आज पहिल्यांदा त्यांचा भाचा बसणार होता.

पलीकडे तालीम चालली होती. भाच्याचा हात तयार. एक मात्रा इकडची तिकडे नाही, फिरून बरोबर पहिलीवर हजर. पोरगा तालाला पक्का आहे, तबलजींनी मनाशी कबूल केलं. आपलं संपलं.

तेवढ्यात गाणं थांबलं. बायकोला श्वास पुरेना.

"पोचतोस रे तू वेळेवर," ती भाच्याला म्हणाली, "पण मला फरफटत नेतोस."

भाचा हिरमुसला. ताल कुठं चुकला ते दाखवा, मामी, म्हणाला. चुकला नव्हताच.

ती भाच्याच्या जोडीतला डाव्या हाताचा डग्गा उचलून नवऱ्यासमोर आली. तबलजींनी मान हलवली. एका हातानं ठेका धरायचा कसा? लोक हसतील, तुझी कथा बुडेल, मी आपला मागं खुर्चीवर बरा.

"अहो, मात्रा मोजायला तो आहे की. ताल राहू दे त्याच्याकडे. मला तुमची लय हवीय. कथेत देव चालत येतो, त्याला पळवू नका."

"म्हणजे नुसती चाल धरू?"

"जन्मभर दुसरं काय केलंत?"

डावा तळवा डग्ग्यावर पडला. एक घुमारा. मग दुसरा. घाई नाही, रेंगाळणं नाही. भाचा सवयीनं पुढं पळाला, एकटा पडला, परत आला आणि त्या घुमाऱ्यांच्या मधे गुमान आपले बोल बसवू लागला. ती गायली. श्वास पुरला, वर थोडा उरलाही.

संध्याकाळी सभागृह भरलं होतं. देव भक्ताच्या घराकडे निघाला, तिथवर कथा आली. डग्गा सावकाश घुमत होता, आणि समोर बसलेली माणसं एकेक करून माना वळवून दाराकडे बघू लागली.

तर मंडळी, घरी जाताना उगाच धावू नका. आणि चालता चालता त्या डाव्या हाताची आठवण असू द्या.