सासऱ्यांचा अल्सर

“म्हणजे मामंजी अल्सरने गेलेच नव्हते?” दवाखान्याच्या व्हरांड्यात नवऱ्याचा कॅन्सरचा रिपोर्ट हातात घेऊन कुंदाने सासूबाईंना विचारलं.

सासूबाईंनी डोळ्यांना पदर लावला. “आतड्याचा कॅन्सर होता गं त्यांना. पण तेव्हा दोन्ही पोरींची लग्नं व्हायची होती. खरं सांगितलं असतं तर आमच्या दारात कोण आलं असतं?”

“लग्नं होऊन पंचवीस वर्षं झाली, आई!” कुंदा कडाडली.

गेल्या वर्षी नवऱ्याला शौचावाटे रक्त पडायला लागलं, वजन उतरलं, तेव्हा डॉक्टरांनी पहिला प्रश्न हाच विचारला होता, घरात कुणाला आतड्याचा कॅन्सर होता का? तिने छातीठोकपणे ‘नाही’ सांगितलं. मग मूळव्याध समजून वर्षभर मलमं लावली, काढे पाजले, जेवणातलं तिखट बंद केलं. आतला आजार मात्र आरामात वाढत राहिला.

“आता सगळ्या भावंडांना कळलंच पाहिजे. आत्ताच्या आत्ता तपासण्या करून घेऊ देत.” तिने फोन काढला.

“अगं, धाकट्याच्या मुग्धाला उद्या बघायला येतायत. दोन दिवस तरी गप्प बस!” सासूबाई धाकट्या मुलाकडे वळल्या. “तूच सांग रे हिला.”

इतका वेळ भिंतीला टेकून उभा असलेला दीर पुढे आला. कुंदाने फोन घट्ट धरला.

“वहिनी,” तो खाली मान घालून म्हणाला, “आधी माझं नाव लिहून घ्यायला सांगा. मलाही दिवाळीपासून रक्त पडतंय.”