पाच दात

"खटका दे," सासरे म्हणाले, तेव्हा तो तिच्या हातातच होता. हँडब्रेकचा खटका, रॉकेलमध्ये धुतलेला, पुसलेला. गेली दहा मिनिटं ती त्याचं टोक अंगठ्याने चाचपत होती. कुठेतरी झिजलेलं असावं, एवढंच तिचं मागणं होतं.

टोक चांगलं धारदार होतं.

"आणि ती दातेरी पट्टी."

सासऱ्यांनी चष्मा कपाळावर सारून पट्टी उजेडात धरली. एकेक दात पाहिला.

"एकही गेलेला नाही. माझ्यापेक्षा बरी आहे."

ती हसली नाही. "आणि तार, बाबा?"

"तार शाबूत. स्प्रिंग शाबूत." त्यांनी खटका हँडब्रेकच्या दांड्यात बसवला. दांड्याच्या टोकाचं बटण दाबून पाहिलं. खटका उचलला गेला, सोडल्यावर परत दातात बसला. "हे दाबल्याशिवाय ब्रेक सुटायचा नाही. जाऊ दे, पोरी. माणूस आहे, विसरतो. आठ महिन्यांत मी तुला एका शब्दाने तरी बोललो का?"

नव्हते बोलले. कोणी विषय काढलाच, तर तेच मध्ये पडत.

आठ महिन्यांपूर्वी भर दुपारी तिने ही जुनी गाडी फाटकाच्या आतल्या चढावर लावली होती. मागच्या सीटवर तिची लेक टिकली झोपली होती. तिला तशीच ठेवून ती पिशव्या आत ठेवायला गेली. दोनच मिनिटं. तेवढ्यात गाडी मागे घरंगळली. सासूबाई फाटकात उभ्या होत्या. टिकलीला खरचटलंही नाही. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं.

तेव्हापासून तिचा स्वतःवरचा भरवसा उडाला. गॅस तीनदा बघायचा, कडी चारदा. ब्रेक ओढल्याचं आठवत होतं, नेहमीसारखे दातांचे पाच आवाज मोजल्याचंही. पण आठवणीचं काय, हवी तशी वळते. गाडी दुरुस्त करून पुन्हा चालू करायचं ठरलं, तेव्हा हा एक भाग मीही जोडायला बसणार, असं तिने हट्टाने सांगितलं होतं.

आता तोही हट्ट संपला होता. तिला नुसतं पडून राहावंसं वाटत होतं.

"झाली का सवत तयार?" वॉकर टेकत सासूबाई शेडच्या दारात आल्या.

"होतेय, आई."

"झाली की हे पुन्हा दिवसभर तिला ढकलत बसतील. सावली सरकली की गाडी सरकली. माझं डोकं उन्हात तापलं तर कधी विचारलं नाही, हिचा मात्र रंग उडतो."

"तुझा उडायचा राहिलाय कुठे," सासरे म्हणाले. सासूबाई हसल्या.

दांडा जागेवर बसला, तार जोडली, नट आवळला. सासऱ्यांनी चाकांमागच्या विटा काढल्या.

"बस आत. पाच दात ओढ. मी ढकलून बघतो."

ती बसली. टिकली मागच्या दाराने आत चढली. आता चार वर्षांची होत आली होती ती. तिला कोण अडवणार?

आरशात सासऱ्यांचे हात डिकीवर टेकलेले दिसत होते. तिने दांडा ओढला.

"एक, दोन, तीन, चार, पाच," मागून टिकलीने मोजलं. "त्या दिवशीपण पाच."

गाडी हलली नाही.

टिकली सीटवर आडवी झाली आणि तिने डोळे घट्ट मिटले.

"झोप आली, बाळा?"

"नाही गं. तेव्हासारखं खोटं खोटं झोपायचं. आता आजोबा खिडकीतून हात घालणार, बटण दाबणार आणि आपली गाडी सावलीत नेणार."