पुजाऱ्याच्या पायऱ्या

"माका समाजला नाय," सगुण म्हणाला. "परत सांग."

मनीषाने कपाळावर हात मारला.

मुळगावात घरामागे उभ्या असलेल्या ट्रकच्या हौद्यात तिघं बसली होती. खाण बंद पडली. मालकांचं काही बंद पडलं नाही, सगुणचा हा ट्रक तेवढा पडला. त्याच्या पोरीनं, मनीषानं, कॉलेजातून शिकून आणलेला खेळ तिथंच मांडला होता. दोन फासे, बाकी सगळं तोंडी: ती गोष्ट सांगणार, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं. बापानं अंथरूण सोडावं, एवढाच तिचा डाव.

समोर प्रवीण. एकेकाळचा सगुणचा क्लीनर, आता तुयेच्या कारखान्यात मशीनवर. तो खेळायला आलाच नव्हता. तिथं हेल्परची एक जागा होती. सगुणदादा उद्या येणार की नाही, विचारायला आला होता. "बस, खेळ," एवढंच सगुण म्हणाला.

आता खेळात प्रवीणचा सैनिक गुहेत बेशुद्ध पडला होता. बाहेर राक्षस. त्याला उठवू शकणारा एकटा सगुण: खेळात तो आधी पुजाऱ्याच्या सहा पायऱ्या चढलेला, मग मांत्रिकाच्या दोन. मंत्रशक्ती पार संपलेली.

"बाबा, तासभर विश्रांती झाली. मांत्रिकाची थोडी शक्ती परत येता."

"मांत्रिकाची. उठवूचो मंत्र पुजाऱ्याचो. ह्याचा त्याका कसा चलतला?"

"चलता. शक्ती एकच. चाकां फिरवूक एक डिझेल आनी हौदो उचलूक दुसरा घालतंस काय तू?"

हे मात्र डोक्यात शिरलं. सगुण खूश झाला. "मगे दी चार मंत्र."

"एकच गावतलो. किती परत येता ता मांत्रिकाच्या पायऱ्यांवर. दोनाची अर्धी, एक."

"आनी पुजाऱ्याच्यो सहा?"

"त्यो हंय धरीत नाय."

"धरीत नाय?" सगुणचा आवाज चढला. "मंत्र पुजाऱ्याचो चलता, आनी पुजाऱ्याच्यो पायऱ्यो चलनत नाय? कोणी केल्यान ह्यो नियम? त्येणा कधी लोड घेवन घाटी चढवल्यान काय?"

"बाबा, घाटी खंय आसा हंय?"

घाटी मध्येच कुठून आली, सगुणलाही कळेना.

प्रवीण फाशांकडेच बघत होता. "सगुणदादा, एक तर एक. उठवा माका. राक्षस इलो."

सगुणने फासा टाकला. सैनिक उठला. धड उभं राहता येईना त्याला, पण उठला.

मनीषा पुढचं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात सगुणने विचारलं, "पयल्या दिसा मशीन कोण शिकयता?"

प्रवीणने मान वर केली नाही. "मीच."

"तू."

"तुमका बरा दिसत नाय तर दुसऱ्या कोणाक सांगतंय."

सगुणने दोन्ही फासे मुठीत घेतले. रागावलाय की हसतोय, मनीषाला ओळखता येईना.

"सकाळची बस कितीक?" त्याने विचारलं.

प्रवीणचा हात आपसूक बाजूला गेला. त्याने हौद्याच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या, गाडी सोडताना क्लीनर मारतो तशा. आणि दचकून हात मागे घेतला.